सही करून टाक, बेटा

आमच्या रायपुरातल्या गुढियारीत रेल्वेवाल्या माणसाले चार्जशीट मिळाली का तो वकिलाकडे जात नसे, बाबारावकडे जाये. बाबाराव युनियनचा जुना माणूस. पार्सल ऑफिसात बाबू होता, पण अर्धी जिंदगी त्यानं लोकायची उत्तरं लिहून देण्यात घातली. कागद हातात घेई आणि पहिले एकच विचारे, "अकरा का पाच?" अकरा नंबरच्या फॉर्मवर आली तं शिक्षा छोटी, एखादी वेतनवाढ थांबे. पाच नंबरच्या फॉर्मवर आली तं नोकरीवर बेतलं समजा. आणि बाबारावचा कायदा असा, का अकरा आली तं भांडायचं नाही. चूक केली असो का नसो, लिहून द्यायचं का चूक झाली, माफी असावी. भांडलं का अकराची पाच होते. कबूल केलं का फाइल बंद होऊन कपाटात जाते, साहेबही खूश आणि आपणही मोकळे.

मी दयाराम, मालगाडीचा गार्ड. आता गार्डले ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे. कायचा मॅनेजर? शेवटच्या डब्यात एकटा बसून मे महिन्यात भाजून निघणारा माणूस आणि म्हणे मॅनेजर! चौतीस वर्षं नोकरी करून रिटायर झालो, त्यात सात वेळा बाबारावचा ड्राफ्ट माझ्या अक्षरात उतरवला आणि खाली सही ठोकली. सातापैकी पाच वेळा माझी काडीची चूक नव्हती. तरी केली. मले त्याची कधी लाज वाटली नाही, उलट मी तं ते हुशारीचं काम समजत होतो.

हे पहिलेच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, "जाऊ द्या दयारामजी, तुम्हाले काय माहीत होतं." मले माहीत होतं. मले तोंडावर सांगतलं होतं.

माझी एकच पोट्टी, दीक्षा. इथंच रायपुरात इंजिनीयर झाली आणि तिकडं दक्षिणेत समुद्रकाठी त्रिशिखर नावाची खाजगी कंपनी आहे, तिथं लागली. ही कंपनी माणसं बसवून रॉकेट पाठवायच्या मागं लागली होती. पहिल्या सुट्टीत घरी आली तेव्हा मी तिले विचारलं, "काय व, मधातच बिघडलं तं काय करता तुम्ही लोक? रॉकेटले ब्रेक असते का?"

"ब्रेक नसतो बाबा," ती म्हणे, "माणसं ज्या डब्यात बसतात तो डबा तोडून पळवायचा."

मंग तिनं मले समजावून सांगतलं. रॉकेट जमिनीवर उभं असतानाच आग लागली तं डब्याच्या डोक्यावर छोटी रॉकेटं असतात, ती डबा उचलून दूर नेऊन टाकतात. उडाल्यावर पहिली दोन मिनिटंही तीच कामी येतात. त्याच्यावर गेलं का त्यायचं काम संपते, ती गळून पडतात, मंग डबा नुसता वेगळा करून समुद्रात पाडायचा. अजून वर गेलं तं पृथ्वीभोवती एखादा चक्कर मारून जमेल तिथं उतरायचं. "पण यातलं एकही फुकट नाही," ती म्हणे. "डबा तोडला का आतल्या माणसाच्या अंगावर त्याच्याच वजनाची दहा-बारा माणसं बसल्यासारखं होते. पाठ मोडू शकते. आणि खालचं रॉकेट तं गेलंच."

"आणि तोडायचा का नाही हे कोण ठरवते?"

"बहुतेक वेळा कॉम्प्युटर. काही रीडिंगं अशी आहेत का त्याच्या भरवशावर सोडत नाहीत. तिथं माणूस बसवतात. तिथं मी."

खरं सांगतो, माझी छाती फुगली. कारण हे काम तं माझंच होतं. पोट्टी लहान होती तेव्हा तिले मी यार्डात न्यायचो, सिग्नल दाखवायचो आणि तिच्याकडून घोकून घ्यायचो. हिरवा म्हणजे? जा. लाल म्हणजे? थांब. आणि विझलेला म्हणजे? ती बोबडं बोले, पण बरोबर बोले, "विझलेला म्हणजे लाल." दिवा दिसत नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे असं समजायचं नसते. शंका आली तं गाडी थांबवायची, मंग विचार करायचा. तेवढं एक मी तिले नीट शिकवलं.

माणसं बसवून त्यायचं पहिलं उड्डाण मार्च महिन्यात होतं. आत दोघं होते. कमांडर नीलकंठ, वायुसेनेतला, पंचेचाळिशीचा. दुसरी पूर्णिमा, दीक्षापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. सदर बाजारातल्या एका सराफानं दीक्षाचा हा मोठा फ्लेक्स लावला होता, 'रायपुर की बेटी', खाली त्याच्या दुकानाचं नाव दीक्षाच्या नावापेक्षा मोठं. आमच्या विहारात टीव्ही लावला, सगळा मोहल्ला जमला. लोक मले जयभीम घालायले पुढं पुढं येत होते. जे लोक दहा वर्षं बोलले नव्हते तेही आले.

रॉकेट उडालं. एक्केचाळीस सेकंद झाले आणि वरचं टोक एकदम तुटून बाजूले उडालं. विहारात कोणाले काही समजलं नाही, काहीजणायनं तं टाळ्या वाजवल्या. खालचं रॉकेट सरळ वर जाऊन राहिलं होतं. अकरा-बारा सेकंदांनी कंपनीनंच ते फोडून टाकलं, कारण बिनमाणसाचं रॉकेट कुठं जाऊन पडेल याचा नेम नसते. डबा छत्र्यांवर तरंगत समुद्रात पडला. पूर्णिमा स्वतःच्या पायानं बाहेर आली. नीलकंठले स्ट्रेचरवर काढलं. पाठीचे दोन मणके गेले. जीव वाचला, पण हा माणूस आता कधी उडणार नाही असं डॉक्टरनं सांगतलं.

डबा तोडायचं बटण दीक्षानं दाबलं होतं.

झालं असं होतं. रॉकेटच्या बाजूले जो बूस्टर असते, त्याच्या एका जोडावर दोन सेन्सर होते. जोड किती तापला ते सांगणारे. एकाचा आकडा चढून राहिला होता. दुसरा बंद पडला, काहीच दाखवेना. चढणारा खोटा असू शकते. पण बंद पडलेला जळून बंद पडला असू शकते. तिच्याजवळ विचार करायले दोन सेकंद होते आणि तिनं बापाचं ऐकलं. विझलेला म्हणजे लाल.

दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवाल्यांनी सुरू केलं. रॉकेट तं मस्त उडून राहिलं होतं, मंग डबा काहून तोडला? रॉकेटचे तुकडे समुद्राच्या तळाशी, जोड खरंच तापला होता का हे सांगायले कोणी उरलं नाही. 'एक लड़की घबरा गई' असं एकानं म्हटलं. घबरा गई! त्या मेल्याले एकदा मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसवायले पाहिजे. सदर बाजारातला फ्लेक्स तिसऱ्या दिवशी उतरला. आठ दिवसांनी मीच तो पाह्यला, तिथल्याच एका भाजीच्या ठेल्यावर ऊन लागू नये म्हणून बांधला होता, माझ्या पोरीचं तोंड खाली करून.

एप्रिलात दीक्षा घरी आली. कंपनीनं पंधरा दिवसांची सुट्टी दिली होती आणि सोबत एक कागद. कागदात लिहिलं होतं का रीडिंग समजण्यात माझी चूक झाली, रॉकेटमध्ये दोष असल्याचा कोणताही पुरावा मी पाह्यला नव्हता. यावर सही केली तं नोकरी राहील, फक्त कंट्रोल रूममधून काढून दुसऱ्या टेबलावर बसवतील. नाही केली तं पूर्ण चौकशी, तोपर्यंत निलंबन, आणि पुढं काय ते देव जाणे. कंपनीले सही काहून पाहिजे होती हे आंधळ्यालेही दिसत होतं. माणसाची चूक निघाली तं सहा महिन्यांत पुन्हा उडता येते. रॉकेटची निघाली तं सगळं उघडून पाहावं लागते, दोन-दोन वर्षं जातात.

मी कागद वाचला आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, अरे ही तं अकरा आहे!

बाबारावले बोलावलं. तो आता ऐंशीचा, पण कागद पाहून त्याचे डोळे चमकले. "दयाराम, सोन्यासारखा मौका आहे. नोकरी राहून राहिली, पगार राहून राहिला. पोरीले म्हणा, सही करून टाक बेटा, आणि विसरून जा. साल-दोन सालात पुन्हा त्याच खुर्चीवर बसशीन."

दीक्षा बाजेवर बसली होती. चार दिवसांत ती धड बोललीच नव्हती. ती म्हणे, "काका, मी चूक केली नाही."

"चुकीचं कोण विचारून राहिलं बेटा? सहीचं विचारून राहिले ते."

"मी सही केली तर तो जोड कोणी उघडून पाहणार नाही. चूक माझी असं एकदा लिहिलं गेलं की रॉकेट चांगलं ठरतं. मग तसंच दुसरं रॉकेट बनवतील, तसाच जोड लावतील, आणि त्यात माणसं बसवतील."

किती सोप्या शब्दांत सांगतलं होतं तिनं. बाबारावले समजलं नाही असं म्हणू शकतो. मले समजलं होतं.

मी तिले माझी गोष्ट सांगतली. एकदा भनपुरीच्या पुढं मी मालगाडी थांबवली होती. एका वॅगनच्या चाकाजवळून धूर निघताना दिसला. अॅक्सल तापला का गाडी रुळावरून उतरते, म्हणून ब्रेक मारला. मागची मेल पन्नास मिनिटं अडकली. साहेब आले, पाह्यलं, काही नाही निघालं. मले अकरा मिळाली. मी बाबारावचा ड्राफ्ट लिहिला का ऊन होतं, मृगजळ दिसलं, माफी असावी. फाइल बंद. कोणाचं काय बिघडलं?

"मग त्या वॅगनचं काय झालं?" दीक्षानं विचारलं.

"मले काय माहीत? गेली कुठंतरी."

"कोणी उघडून पाहिलं होतं?"

"साहेबानं हात लावून पाह्यला. थंड होता."

"पन्नास मिनिटांनी थंडच लागणार ना बाबा."

मले असा राग आला का काय सांगू. तीस वर्षांत मले हे सुचलं नव्हतं आणि तिले एका सेकंदात सुचलं, त्याचा राग. मी म्हटलं, "जास्त शहाणपणा नको शिकवू मले. याच सह्यांवर तुझी फी भरली आहे."

माझी बायको मीराबाई आतून आली. ती चौथी शिकलेली, तिले रॉकेट म्हणजे काय हेही धड माहीत नाही. ती म्हणे, "काहून जी, तिनं पाह्यलं ते तिनं पाह्यलं. तुम्ही होते का तिथं? नसेन करायची सही तं नको करू बाई. घरी राहा. दोन भाकरी जड नाही आम्हाले."

"तू चूप बस व!" मी ओरडलो. "दोन भाकरी! लोक काय म्हणतीन, नोकरीतून काढून टाकलं, घरी बसली. एकदा डाग लागला तं कोण ठेवते तिले कामावर?"

दहा दिवस असंच चाललं. मी सकाळी सांगे, दुपारी सांगे, ती ऐकून घे आणि मान हलवे. कागदाले हात लावत नव्हती. अकराव्या दिवशी सकाळी ती अंगणात बसून फोनवर पूर्णिमाशी बोलून राहिली होती. पूर्णिमा तिले तिकडून म्हणे का तुझ्यामुळे जिवंत आहे, काही लिहून देऊ नको. दीक्षाच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं होतं. मी पाह्यलं का ही आता काही सही करत नाही. फोन ठेवला आणि मी तिच्यासमोर जाऊन उभा राह्यलो.

मले माहीत होतं तिले काय खाऊन राहिलं होतं ते. झोपेत ती नीलकंठचं नाव घे. आल्यापासून रोज त्याच्या हॉस्पिटलात फोन लावे आणि त्याच्या बायकोनं उचलला का ठेवून दे.

मी म्हटलं, "पूर्णिमाचं ऐकते, मंग नीलकंठचंही ऐक ना. त्या माणसाची पाठ तू मोडली आहेस. तो बिचारा लेटला आहे पलंगावर, आणि तू म्हणते मी चूक केली नाही. सॉरी म्हणायचं सोड, चूकही कबूल होत नाही तुझ्याकडून?"

बाबारावनं असलं काही सांगतलं नव्हतं. हे वाक्य माझं होतं. मी ते दोन दिवस मनात जुळवून ठेवलं होतं.

 दीक्षा उठली, आत गेली, कागद काढला आणि टीव्हीच्या टेबलावर ठेवून सही केली. एक मिनिटही लागलं नाही. मीराबाई दारात उभी राहून पाहून राहिली होती. मी तो कागद स्वतः स्टेशनजवळच्या कुरियरवाल्याकडे नेऊन दिला आणि येताना जिलेबी आणली. कोणी खाल्ली नाही, म्हणून मीच खाल्ली.

कंपनीनं शब्द पाळला. नोकरी राह्यली. दीक्षाले नव्या टेबलावर बसवलं आणि काम दिलं नियमांचं पुस्तक नव्यानं लिहायचं, जे वाचून कंट्रोल रूममधली नवी पोरं शिकतात. त्यात एक नियम वरून आला, का एक सेन्सर चढत असेल आणि दुसरा बंद असेल तं बंद सेन्सरले धोका समजू नये, तीन सेकंद वाट पाहावी, मंगच डबा तोडावा. खाली उदाहरण तिचंच. नाव नव्हतं, पण तारीख होती. तिनं हरकत घेतली तं साहेबानं तिचाच सही केलेला कागद पुढं ठेवला. "मॅडम, आपने ही तो लिखा है." तिनं दोन वेळा लेखी पत्र दिलं का तो जोड उघडून पाहा. दोन्ही वेळा उत्तराले तोच कागद जोडून आला.

हे ती मले फोनवर सांगे. मी म्हणे, "पगार येऊन राहिला ना? मंग."

डिसेंबरात दुसरं उड्डाण ठरलं. पूर्णिमा पुन्हा जाणार होती, या वेळी कमांडर म्हणून, सोबत एक नवीन पोट्टा. दीक्षानं तिले फोन करून सांगतलं का मी खोटं लिहून दिलं, जोड तापला होता, जाऊ नको. पूर्णिमा म्हणे, "दीक्षा, आठ महिने तू काही नाही बोलली. आता परवा उडायचं आहे आणि आता सांगते? तुझं लिहिलेलं खरं मानू का बोललेलं?" पूर्णिमानं अंतराळात जायची नऊ वर्षं वाट पाह्यली होती. ती गेली.

दीक्षा सुट्टी टाकून घरी आली. म्हणे, मले तिथं बसून नाही पाहवणार. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. या वेळी विहारात कोणी टीव्ही लावला नव्हता. घरात आम्ही तिघंच. मीराबाईनं तांदळाचा चीला केला होता, तो तसाच ताटलीत. दीक्षा टीव्हीसमोर जमिनीवर बसली. तिच्या जागेवर आता इंद्रजीत बसत होता, भिलाईचा पोट्टा, तिच्याच हाताखाली शिकलेला.

रॉकेट उडालं. दीक्षा हळू आवाजात सेकंद मोजून राहिली होती. एक्केचाळीस आले आणि गेले. काही झालं नाही. मी म्हटलं, "पाह्यलं? उगाच—"

माझं बोलणं पुरं झालं नाही. सत्तेचाळीस का अठ्ठेचाळीसवर बाजूनं आग निघाली आणि सगळं रॉकेट त्यात गेलं. त्यातून डबा बाहेर निघाला. निघाला, मी पाह्यला. पण जळत निघाला. छत्र्या उघडल्याच नाहीत. कॅमेरा त्याच्या मागं मागं समुद्रापर्यंत गेला आणि मंग टीव्हीवाल्यांनी जाहिरात लावली.

मीराबाई दोन्ही हात तोंडावर धरून बसली. दीक्षा तशीच समोर पाहून राहिली होती. जाहिरात कायची होती मले आठवत नाही.

दुपारी इंद्रजीतचा फोन आला. दीक्षानं फोन जमिनीवर ठेवून आवाज मोठा केला. तो पोट्टा रडून राहिला होता. "दीदी, वही था. एक चढ़ रहा था, एक बंद. मेरा हाथ बटन पर था दीदी. किताब में लिखा है तीन सेकंड रुको. मैं रुका. तीसरे सेकंड पर दबाया."

"हव," दीक्षा म्हणे. "मैंने ही लिखा है."

तिनं त्याले सांगतलं का तू कशावरही सही करू नको, कोणी कितीही सांगो, आईबापानं सांगतलं तरी नको. फोन बंद केला. मंग उठून तोंड धुतलं, टेबलाजवळ खुर्ची ओढली आणि लिहायले बसली. मी विचारलं काय लिहून राहिली. ती म्हणे, सरकारनं आजच चौकशी लावली आहे, त्यायच्यासाठी. माझी एप्रिलची कबुली खोटी होती. मी जोड तापताना पाह्यला होता. मी खोटं लिहिलं आणि मंग खोटा नियम लिहिला, आणि त्यानं दोघं मेले.

"यानं तुले काय होईन?" मी विचारलं.

"केस होईल. जेलही होऊ शकतं."

"बाप्पा! मंग कायले लिहिते?"

 ती लिहीत राह्यली. पान भरलं, दुसरं घेतलं. मंग पेन थांबवून माझ्याकडे पाह्यलं. आवाजात राग नव्हता. मी रागाची वाट पाहून राहिलो होतो, मी त्याची तयारी करून बसलो होतो, पण तो नव्हताच.

"बाबा, मी स्वतःच्या मनानं सही केली नव्हती, माझ्यावर दबाव होता, असं लिहिलं तर मला थोडी सूट मिळू शकते. वकील मैत्रिणीला विचारलं मी. पण दबाव कोणाचा ते नाव लिहावं लागेल. तुमचं नाव लिहू?"

मीराबाई माझ्याकडे पाहून राहिली होती. एवढं साधं काम होतं. हव म्हणायचं होतं फक्त. चौतीस वर्षं मी न केलेल्या चुका कबूल केल्या, बाबारावच्या भाषेत, शुद्धलेखनासकट. ही एक तं मी खरंच केलेली होती. माझी पोट्टी समोर बसून विचारून राहिली होती आणि मी तोंड उघडलं.

मी म्हटलं, "यानं माझ्या पेन्शनले काही होईन का व?"

मले ते बोलायचं नव्हतं. तोंडातून निघालं. मीराबाई उठली आणि आत निघून गेली. चुलीजवळ भांडं आदळल्याचा आवाज आला.

दीक्षानं पेन खाली ठेवलं नाही. कागदाकडे पाहूनच म्हणे, "राहू द्या बाबा." मंग तिनं पुढची ओळ लिहिली आणि लिहिता लिहिता हळू आवाजात वाचलीही, मले ऐकू यावं म्हणून असेल कदाचित. 'ही सही मी स्वखुशीनं केली होती. माझ्यावर कोणाचाही दबाव नव्हता.'

आणि मले बरं वाटलं. खोटं कायले सांगू? त्या दिवशी सकाळी दोन माणसं जळून समुद्रात पडली होती, माझी पोट्टी जेलात जायच्या गोष्टी करून राहिली होती, आणि माझं नाव कागदावर आलं नाही म्हणून मले बरं वाटलं.